पॅनलच्या पाण्याला विसण लागतं का

आमच्या घरात सोलर घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी मीच होते. 'हिला धुराचा त्रास व्हतो, हिच्यासाठीच घेऊन राह्यलो,' असं आमचे हे भाऊबंदांना सांगायचे. सासूबाई दारावर येणाऱ्या बायांना सांगायच्या, 'सुनेचा खोकला ऐकवत न्हाई बाई.' थोरले दीर केदारखेड्याच्या पारावर बसून सांगायचे, 'घरातल्या बाईची तब्येत आधी, खर्चा मंग.' ऐकून ऐकून मलाच वाटायला लागलं की मी या घरातली फार मोठी असामी आहे. फक्त मला कोणी काही विचारलं नाही. पाणी कधी लागतं, किती लागतं, किती कढत लागतं, एका शब्दानं नाही. रोज पाणी तापवणारी मी. खोकणारीही मीच.

न्हाणीच्या मागं आमची पाण्याची चूल आहे. स्वयंपाकाला गॅस आला, पण आंघोळीच्या पाण्यासाठी गॅस कोण जाळतंय? शेतातल्या कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या असतात, तुरीच्या तुराट्या असतात, त्या फुकटच्या. पहाटे चूल पेटवायची, हंडा चढवायचा. पहिली आंघोळ थोरल्या दिरांची, दिवस उगवायच्या आधी. थोरल्या जाऊबाई वारल्यापासून त्यांचं पाणी मीच काढते. मग हे दूध घालायला जातात, त्यांची आंघोळ. मग शाळेच्या गाडीच्या आत पोरांची. मग सासूबाईंची, त्यांच्या गुडघ्यांना शेक लागतो. शेवटी माझी. पऱ्हाट्या दवानं ओल्या असल्या की इतका धूर होतो की डोळ्यांचं पाणी आणि नाकाचं पाणी कोणतं ते समजत नाही. भोकरदनच्या डॉक्टरांनी सांगितलं, 'धुराजवळ जाऊ नका.' हे मान हलवत होते. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे म्हणाले, 'पाणी झालं का?'

एवढ्या माणसांना एक हंडा पुरतो, कारण पाणी कढत असतं. कढत पाणी थोडं घ्यायचं आणि त्यात गार पाण्याचं विसण घालायचं. तीन-चार तांबे कढत पाण्याची पाऊण बादली होते. ज्या पाण्याला विसण लागत नाही ते पाणी पुरत नाही. हे आमच्याकडं कोणत्याही बाईला ठाऊक असतं, त्याला शाळा लागत नाही.

सोलरवाला आला तो ऐन दुपारी. चांगला इस्त्रीचा शर्ट, हातात चकचकीत कागद. ओसरीवर थोरले दीर, हे आणि तो बसले. मी आतल्या दाराच्या आड. आमच्या घरात धाकटी सून थोरल्या दिरापुढं बोलत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हते, तेही माझ्याशी थेट बोललेले नव्हते. काही सांगायचं असलं की सासूबाईंच्या किंवा ह्यांच्या हाती निरोप. मुळात मी बुजरीच. मला ते वळण कधी जड गेलं नाही. त्या दुपारी गेलं.

"काका, एक पॅनल, दोन कामं," तो सांगत होता. "वरून वीज, पाठीमागून गरम पाणी. कसंय, पॅनल लई तापलं की वीज कमी देतं. म्हणून त्याच्या पाठीवरून पाणी फिरवायचं. पॅनल राहतं गार, पाणी होतं गरम. तुमचा दोन्हीकडून फायदा."

"म्हंजी एकाच बैलाकडून नांगरट बी अन गाडी बी," थोरले दीर म्हणाले आणि तिघंही हसले.

मी आत दूध निववत होते. विरजण लावायचं होतं, म्हणून पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं होतं. त्याचं बोलणं कानावर पडलं आणि माझं लक्ष परातीकडं गेलं. दूध निवत होतं, परातीतलं पाणी कोमट होत होतं. आजवर परातीतल्या पाण्याला कधी वाफ आलेली मी पाहिली नव्हती. जे पाणी दुसऱ्याला गार ठेवायला फिरवायचं, ते स्वतः कढत कसं होणार? मला वाटलं, असेल काहीतरी युक्ती, आपल्याला काय कळतं. पण विचारायला तर पाहिजे. तापवायचं मला आहे.

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी हळूच म्हणाले, "आत्याबाई, त्यांना इचारा, पौषात, पहाटं, दिवस उगवायच्या आधी पाण्याला विसण लागतं का?"

सासूबाई ओसरीकडं तोंड करून म्हणाल्या, "का रे बाबा, पाणी बराबर तापतं ना?"

"मावशी, चटका बसतो चटका!"

"बघ," त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या, "चटका बसतो म्हणतो."

"आत्ता दुपारी बसंल. पहाटंचं इचारा. विसणाचं इचारा."

"पाव्हण्याला कोर्टात उभं केल्यागत किती इचारू?" तरी त्यांनी विचारलं, पण अर्धंच. "बाबा, ही विसणाचं म्हणती."

तो खळखळून हसला. "वहिनींना सांगा, विसणाची भानगडच मिटली! नळ सोडायचा अन थेट अंगावर. बादल्या मिसळत बसायचे दिवस गेले. वहिनींना आता आरामच आराम."

"बिलकुल," थोरले दीर म्हणाले.

माझ्या हातात चहाचं ताट होतं. ते आपटावं असं मला वाटलं. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की पाणी कढत नसतं, आणि ते सगळ्यांना कौतुक वाटलं. विसण लागत नाही म्हणजे टाकीत जेवढं पाणी तेवढंच पाणी. थोरले दीर आणि हे नळाखाली बसले की टाकी रिकामी. पोरांना, म्हातारीला पाणी कुठून यायचं? परत चूल. आणि मग माझ्यासाठी आणलेल्या पॅनलखाली बसून मी पऱ्हाट्या फुंकायच्या, वर लोक म्हणणार, हिच्यासाठी इतकं केलं तरी ही बाई चूल सोडत नाही.

संध्याकाळी जेवायला वाढताना मी ह्यांना हे सगळं सांगितलं. परातीचं, विसणाचं, पौषातल्या पहाटेचं. ह्यांनी भाकरी मोडता मोडता ऐकलं आणि म्हणाले, "तुझ्या बापानं तुला इंजिनिअर केलं असतं तर आमचं लई काम सोपं झालं असतं."

"इंजिनिअरच्या घरी पाणी कोण तापवतं?" मी म्हणाले.

"आता कसं करावं तुझ्यापुढं! अगं, दादांचे दोस्त हायेत अंकुशनगरला, त्यांनी हेच पॅनल बसवलंय. उद्या मुक्कामाला जाऊन राह्यलो आपण. तू बी चल. सोता हात लावून बघ. मंग तर झालं?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, गाडीत बसताना मी खूश होते. आपलं म्हणणं निदान अर्धं तरी ऐकलं असं वाटलं.

अंकुशनगरला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. कारखाना चालू होता, सगळ्या हवेत मळीचा वास, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. दिरांचे मित्र दारातच उभे होते. चहाच्या आधी त्यांनी दोघांना गच्चीवर नेलं. मी खालून ऐकत होते. 'हे बघा,' 'हे मोबाईलवर दिसतं, आज किती लाईट झाली,' 'सगळ्या वसाहतीत पयलं माझं.' मला कोणी वर बोलावलं नाही. हात लावून बघ म्हणाले होते, पण कुठं लावायचा ते सांगितलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले.

त्या घरची बाई माझ्याहून लहान. बोलायला गोड. माझ्या हातून पोळपाट काढून घेतला, तरी मी कोशिंबीर करायला बसलेच. मी विचारलं, "पाणी कसं येतं हो पॅनलचं?"

तिनं दाराकडं पाहिलं. "येतं की. चांगलं येतं." मग एकदम म्हणाली, "तुमच्याकडं ज्वारी कशी झाली औंदा?"

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पहाटे मला वासानं जाग आली. धुराचा वास मी झोपेतही ओळखते. हा आमच्या पऱ्हाट्यांचा नव्हता, उसाच्या पाचटाचा होता, पण धूर तो धूर. उठून घराच्या मागं गेले. तिथं पत्र्याच्या आडोशाला चूल, चुलीवर हंडा, आणि ती बाई गुडघ्यात डोकं घालून फुंकणी फुंकत होती. वर गच्चीवर पॅनलचा काळा चौकोन अंधुक दिसत होता.

"अगं बाई, तुम्ही कशाला उठल्या?" ती दचकली.

"हे काय?"

"काय म्हंजी? पाव्हण्याला कोमट पाण्यानं आंघोळ घालू का पौषात? मालक म्हणले, लोक पॅनल बघायला आलेत, इज्जतीचा सवाल हाय, न्हाणीत पॅनलचंच म्हणून बादल्या भरून ठेव."

"अन रोज?"

"रोज बी हेच की. उन्हाळ्यात येतं ना कढत, लई कढत येतं. पण उन्हाळ्यात कढत पाण्याचं काय लोणचं घालू?" असं म्हणून तीच हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला. माझ्यासारखाच, कोरडा. "आता बी दुपारी बरं येतं, भांडे घासायला. लाईटचं म्हणाल तर लाईट बराबर मिळते, त्याच्यात खोटं न्हाई. लाईटसाठी घेऊन राह्यले असाल तर घ्या. पाण्यासाठी घेऊन राह्यले असाल तर..." तिनं फुंकणी तोंडाला लावली.

न्हाणीतला पॅनलचा नळ मी सोडला आणि हात धरला. लेकराचा ताप उतरल्यावर अंग कसं लागतं, तसं पाणी होतं. गार नाही, पण त्यानं आंघोळ करून कोणी वाऱ्यात बाहेर यावं असंही नाही.

"तुम्ही काही बोलू नका बरं," ती मागून म्हणाली. "तुम्ही गेल्यावर मला बोलणे बसतील."

मग थोरले दीर उठले, आंघोळीला गेले, आणि बाहेर आले ते टॉवेलनं मान पुसत, चेहरा लालबुंद.

"वा! याला म्हणतात पाणी! तांब्यावर तांब्या विसण घालावं लागलं!"

"म्हणलं न्हवतं?" त्यांचे मित्र म्हणाले. स्वतःच्या घरात मागं चूल पेटलीय हे त्या माणसाला ठाऊक होतं. तरी त्यांनी मिशीवरून हात फिरवला. वर आणखी म्हणाले, "सूर्यदेवाची कृपा."

त्यांची बायको चहा घेऊन आली. डोळे लाल. पदराला पाचटाची राख. एवढे लोक समोर बसलेले, पण ती राख दिसली मला एकटीला. आणि हे माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "बघितलं? लागलं ना विसण? आता तरी पटलं?"

मला इतका राग कधी आलेला आठवत नाही. माहेरी आला नाही, सासरी आला नाही. एका बाईनं धूर खाऊन पाणी तापवलं, आणि त्याच पाण्याच्या पुराव्यावर दुसऱ्या बाईच्या घरी कायमची चूल पेटती राहणार होती. आणि दोघींनी गप्प बसायचं, कारण एकीच्या नवऱ्याची इज्जत आणि दुसरीच्या घरचं वळण.

तिथं मी बोलले नाही. तिनं हात जोडल्यासारखं पाहिलं होतं म्हणून.

परत निघालो. गाडी हे चालवत होते, शेजारी थोरले दीर, मागं मी एकटी. अंबड मागं पडलं तसा दिरांनी खिशातून मोबाईल काढला. "त्या सोलरवाल्याला बोलावून घेतो उद्या. पक्कं करून टाकू."

"ते पाणी चुलीवरचं होतं," मी म्हणाले.

आवाज मलाच माझा वाटला नाही. दिरांच्या टोपीकडं बघून बोलले, तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती.

दिरांनी ह्यांना विचारलं, "काय म्हणून राह्यली ती?" मी त्यांच्या बरोबर मागं बसलेली होते. हातभरही अंतर नव्हतं.

"काही न्हाई दादा," हे म्हणाले.

"न्हाई कसं?" मी म्हणाले. मग मला थांबताच आलं नाही. चुलीचं, पाचटाचं, हंड्याचं, नळाखाली धरलेल्या हाताचं सगळं सांगितलं. पॅनलचं पाणी पहाटे कोमट असतं, उन्हाळ्यात कढत असतं, वीज चांगली मिळते, पाण्यासाठी घ्यायचं असलं तर घेऊ नका, हेही सांगितलं.

दीर समोरच्या रस्त्याकडं बघत होते. तसेच ह्यांनाच म्हणाले, "मंग तिथंच का न्हाई बोलली?"

"तिथं बोलले असते तर तुम्हीच म्हणले असते, पाव्हण्याच्या घरी सुनेला कसं बोलावं कळत न्हाई. तुमच्यापुढं बोलायचं न्हाई, पाव्हण्यापुढं बोलायचं न्हाई, घरी बोललं तर इंजिनिअर म्हणायचं. मंग धूर मी खाते, हे कुणापुढं सांगू? म्हशीपुढं?"

रस्त्यावर कोणी नसताना ह्यांनी हॉर्न वाजवला.

जालन्यात चहाला थांबलो. दीर खाली उतरले, माझा चहा ह्यांच्या हाती गाडीत पाठवला. मला भीती वाटत होती, पण राग गेला नव्हता. भीती आणि राग दोन्ही एकदम असतात हे मला त्या दिवशी कळलं.

घरी सासूबाईंना लगेच वास लागला. "दिरापुढं तोंड उघडलं म्हणं तू?" मला म्हणायचं होतं, आत्याबाई, माझा प्रश्न तुम्ही ओसरीवर नीट नेला असता तर मला तो अंबडच्या रस्त्यावर न्यावा लागला नसता. म्हणाले नाही. एका दिवसात किती बोलायचं.

सोलरवाला आला. परत तीच ओसरी, परत मी दाराच्या आड. थोरले दीर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "एकच सांगा. पौषात, पहाटं, दिवस उगवायच्या आधी, पाण्याला विसण लागतं का?"

माझेच शब्द. एक इकडचा तिकडं नाही. मी आत पातेलं धरून उभीच राहिले.

त्या माणसाचं हसू जरा आखडलं. "काका, तसं म्हणाल तर... ऐन थंडीत पाणी कोमट राहील. त्याला आपण टाकीत करंटचं हीटर बसवून देऊ."

"म्हंजी दिवसा लाईट करायची अन पहाटं तीच जाळायची? वा रे पठ्ठ्या!"

मग त्यानं दुसरे कागद काढले. काचेच्या नळ्यांचं, निव्वळ पाणी तापवायचं. त्यात वीज नाही, पण पाणी पहाटेपर्यंत कढत राहतं म्हणाला. मी सासूबाईंना म्हणाले, "आपल्या बोअरच्या पाण्यानं हंड्याला पांढरा थर बसतो. नळ्यांत बसंल का, अन बसला तर साफ कोण करून देईल, इचारा." आणि सासूबाईंनी सगळं विचारलं. थर, नळ्या, साफ कोण करणार, काही गाळलं नाही. वर स्वतःचं एक घातलं, "अन दुपारचं सांगू नको, पहाटंचं सांग." त्यानं वर्षाला एकदा माणूस पाठवायचं कबूल केलं. दीर म्हणाले, "आधी पाण्याचं बसवा. लाईटचं मंग बघू."

बसवलं. आणि लगेच पारावर दिरांचं सुरू झालं. ह्यांनीच घरी येऊन सांगितलं, हसत हसत. "दादा सांगून राह्यले, म्या सोता अंकुशनगरला मुक्कामाला जाऊन पारख केली. वस्तू घ्यायची तर माणसानं डोळे उघडे ठेवून घ्यावी." ह्यांना ते गमतीचं वाटलं. मला नाही वाटलं. माझ्या खोकल्याचं नाव सगळ्यांनी घेतलं, माझ्या प्रश्नाचं कोणी घेतलं नाही.

मला एकच घोर होता, त्या बाईचा. दिरांनी मित्राला फोनवर चांगलं झाडलं होतं, म्हणजे तिच्यावर गेलं असणार. मग एका दुपारी तिचाच फोन आला.

"तुम्ही सांगितलं ना?"

"सांगितलं," मी म्हणाले.

"लई बोलणे बसले मला." ती म्हणाली. "परवा आमच्या नणंदेचे मालक मुक्कामाला आल्ते. म्या चूल पेटवलीच न्हाई. म्हणलं, दाजी, नळ सोडा. कुडकुडत बाहेर आले बाई! दात वाजून राह्यले अन म्हणतेत, वहिनी, तुमच्याकडं पाणी तापत न्हाई का? म्या म्हणलं, मला काय इचारता, मालकाला इचारा, त्यांनी आणलंय."

आम्ही दोघी फोनवर इतक्या हसलो की दोघींनाही खोकला आला. पण तिच्याकडं चूल आहेच अजून. पाहुणे गेले की ती पेटतेच. तिच्या मालकानं अजून काही केलेलं नाही, लोक काय म्हणतील म्हणून. ते आठवलं की माझं हसू जातं.

आमच्याकडं चुलीत राख गार पडलीय. पऱ्हाट्या शेतात तशाच आहेत. पहिल्या पहाटे थोरले दीर न्हाणीत गेले, नळ सोडला, आणि आतून ओरडले, "पाणी लई कढत हाय! विसण आणा रे कोणीतरी!"

सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "जा की. कोणीतरी म्हंजी तूच."

"गार पाण्याचा नळ त्यांच्या उजव्या हाताला हाय," मी म्हणाले. "सांगा त्यांना."

आणि मी अंथरुणाच्या घड्या घालत राहिले.